तीन गर्भपातांनंतरचे गणित

एखाद्या घरात दोन-तीन वेळा गर्भ राहून तो टिकला नाही, की त्या घरात एक फाइल तयार होते. तिच्यात सोनोग्राफीची काळी-पांढरी चित्रे, रक्ताच्या तपासण्यांचे अहवाल, निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि औषधांची बिले असतात. फाइल जाड होत जाते तसे त्या बाईला विचारले जाणारे प्रश्नही वाढतात. काय खाल्ले होतेस? जड उचललेस का? एवढा प्रवास कशाला केलास? आपल्या शाळेच्या शिक्षक-खोलीतही अशी एखादी सहकारी असते. ती चार दिवस रजा घेते, परत येते, तास घेऊ लागते. कोणी तिला काहीच विचारत नाही, किंवा फार विचारते.

या लेखात आपण अशा फाइलीचा इतिहास पाहणार आहोत. तिच्यातल्या तपासण्या आणि औषधे कोठून आली, त्यांतली कोणती कसोटीला उतरली आणि कोणती नाही, हे आम्हाला सांगायचे आहे. उपचार सुचवणे हा आमचा हेतू नाही. ते काम डॉक्टरांचे. पण या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि तो विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाचा आहे. औषध घेतले आणि गुण आला, एवढ्यावरून औषधानेच गुण आला असे म्हणता येईल का?

आधी शब्दांविषयी थोडेसे. मराठीत 'गर्भपात' हा शब्द करवून घेतलेल्या आणि आपोआप झालेल्या अशा दोन्ही गर्भपातांसाठी वापरतात. या लेखात तो फक्त आपोआप होणाऱ्या गर्भपातासाठी वापरला आहे. ही घटना लोकांना वाटते तितकी विरळ नाही. गर्भ राहिल्याचे कळल्यानंतर साधारण दर सहा-सात वेळांमागे एकदा गर्भपात होतो, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत होतात. असे किती वेळा झाले म्हणजे 'वारंवार' म्हणायचे, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली दोन वेळा ही मर्यादा धरली, तर ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत तीन वेळा ही जुनीच मर्यादा कायम ठेवली.

गव्हाचे तेल

१९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप हे उंदरांच्या आहारावर प्रयोग करत होते. शुद्ध केलेल्या ठरावीक आहारावर वाढवलेल्या माद्या धडधाकट दिसत, त्यांना गर्भही राही. पण तो पोटातच विरून जाई. आहारात लेट्यूसची पाने किंवा गव्हाच्या दाण्यातला अंकुराचा भाग मिसळला की पिले सुखरूप जन्मत. या अंकुरातल्या घटकाला पुढे ई जीवनसत्त्व म्हणू लागले. १९३६ साली तो शुद्ध रूपात मिळाल्यावर त्याला 'टोकोफेरॉल' हे नाव दिले गेले. त्यातल्या 'टोकोस' या ग्रीक शब्दाचा अर्थच बाळंतपण असा आहे.

मग हेच तेल बायकांना का देऊ नये? १९३१ साली फोग्ट-मोलर या डॅनिश डॉक्टरांनी वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना गव्हाच्या अंकुराचे तेल देऊन यश आल्याचे लिहिले. इतर ठिकाणांहूनही तसेच अहवाल आले. तेल घेतलेल्या बहुतेकींना मूल झाले होते आणि त्यात खोटे काही नव्हते. पण उंदरांच्या आहारातून ई जीवनसत्त्व मुद्दाम काढून टाकलेले होते, तशी उणीव माणसांत क्वचितच आढळते. आणि तेल न घेता त्यांतल्या किती जणींना मूल झाले असते, हे कोणी मोजलेच नव्हते. पुढे काटेकोर तुलना झाली तेव्हा जीवनसत्त्वांनी गर्भपात टळतात असे दिसले नाही.

फळ्यावर मांडण्याजोगे गणित

तेल न घेता काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर १९३८ साली मिळाले असे डॉक्टरांना वाटले. मालपास नावाच्या ब्रिटिश स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्या वर्षी एक गणित मांडले. ते दहावीच्या वर्गालाही समजेल इतके सोपे आहे.

त्यांनी असे धरले की, शंभरातल्या एका स्त्रीत काही कायमचा दोष असतो आणि तिचा गर्भ कधीच टिकत नाही. उरलेल्या नव्व्याण्णव जणींना प्रत्येक वेळी केवळ योगायोगाने गर्भपात होण्याची शक्यता १७ टक्के असते. आता १०,००० स्त्रिया घेऊ. त्यांत कायमच्या दोषाच्या १०० आणि इतर ९,९००.

पहिल्या खेपेस गर्भपात होणाऱ्या : १०० + १,६८३ = १,७८३
त्यांतल्या दुसऱ्या खेपेसही गर्भपात होणाऱ्या : १०० + २८६ = ३८६
त्यांतल्या तिसऱ्या खेपेसही : १०० + ४९ = १४९
त्यांतल्या चौथ्या खेपेसही : १०० + ८ = १०८

म्हणजे तीन गर्भपात झालेल्या १४९ जणींपैकी १०८ जणींचा चौथा गर्भही जाणार. अपूर्णांक न सोडता हिशेब केला तर हे प्रमाण ७३ टक्के येते. मालपास यांनी हाच आकडा दिला. तीन गर्भपात झालेल्या शंभर जणींपैकी फक्त २७ जणींना पुढच्या खेपेस मूल होईल, असा त्याचा अर्थ झाला.

गणितात चूक नाही. पण प्रत्यक्ष स्त्रियांच्या नोंदी ठेवून हा आकडा काढलेला नव्हता. तो गृहीतकांवर उभा होता. तरीही पुढली वीस-पंचवीस वर्षे नव्या उपचारांचे अहवाल याच आकड्याशी तोलले गेले. एखाद्या डॉक्टरांनी उपचार केलेल्या शंभरांपैकी सत्तर जणींना मूल झाले, तर २७ च्या जागी ७० हे यश डोळे दिपवणारेच वाटणार.

गृहीतक जरा बदलून पाहा. कायमच्या दोषाच्या त्या शंभर जणींचा गर्भ 'कधीच टिकत नाही' असे न धरता 'निम्म्या वेळा टिकत नाही' असे धरा. मग त्यांतल्या तिसऱ्या खेपेपर्यंत उरणाऱ्या १०० नसून साधारण १२ किंवा १३ असतील. बाकीच्या ४९ तशाच राहतील. आता पुन्हा हिशेब केला तर चौथा गर्भ जाण्याची शक्यता ७३ वरून एकदम २४ टक्क्यांवर येते. दहा हजारांतल्या शंभर स्त्रियांविषयीचे एक गृहीतक बदलले, आणि तीन गर्भपात झालेल्या बाईला डॉक्टरांनी काय सांगायचे तेच बदलून गेले.

त्याच वर्षी जन्मलेले औषध

योगायोग असा की १९३८ सालीच लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कृत्रिम संप्रेरक तयार केले. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल असे त्याचे लांबलचक नाव, थोडक्यात डीईएस. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेनसारखे ते काम करी, तोंडावाटे घेता येई आणि बनवायला स्वस्त होते. त्याचे पेटंट घेतलेले नसल्याने अनेक कंपन्यांनी ते बाजारात आणले.

अमेरिकेत बॉस्टन परिसरात ऑलिव्ह स्मिथ आणि जॉर्ज स्मिथ या दांपत्याने गरोदरपणातील संप्रेरकांचा दीर्घ अभ्यास केला होता. डीईएस दिल्याने वारेत गर्भाला आधार देणारी संप्रेरके वाढतील आणि गर्भ टिकेल, असा त्यांचा तर्क होता. १९४७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भपात टाळण्यासाठी हे औषध वापरायला परवानगी दिली. १९४८ साली ऑलिव्ह स्मिथ यांनी ६३२ गरोदरपणांचा उत्साहवर्धक अहवाल प्रसिद्ध केला. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून रोज ५ मिलिग्रॅमने सुरुवात करून पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत रोज १२५ मिलिग्रॅमपर्यंत जायचे, अशी त्यांची पद्धत होती. मात्र त्याच काळात, त्याच प्रकारच्या, पण औषध न घेतलेल्या स्त्रियांचा गट त्या अहवालात नव्हता.

ही उणीव शिकागोत भरून निघाली. तेथील प्रसूती रुग्णालयात विल्यम डीकमन यांच्या गटाने १,६४६ गरोदर स्त्रिया घेतल्या. ८४० जणींना डीईएस आणि ८०६ जणींना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाला. गर्भपात, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे, बाळांचे वजन, कशातही औषधाचा फायदा दिसला नाही. १९७८ साली हेच आकडे दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा तपासले, तेव्हा औषध घेतलेल्या गटातच नुकसान जास्त असल्याचे त्यांना आढळले.

या प्रयोगाला एक काळी बाजूही आहे. त्यांतल्या बायकांना आपण प्रयोगात आहोत आणि गोळीत काय आहे, हे सांगितलेलेच नव्हते. पुढे त्यांतल्या काही जणी न्यायालयात गेल्या. तुलना करणे जितके आवश्यक, तितकेच ज्यांच्यावर ती करायची त्यांना विचारणे आवश्यक आहे, हे वैद्यकशास्त्राला उशिरा कळले.

१९५३ साली उत्तर हाती आले होते. तरी औषध थांबले नाही. का थांबले नाही, हे समजण्यासारखे आहे. गावातल्या डॉक्टरांपुढे शिकागोचा तक्ता नसतो. त्यांच्यापुढे तीन गर्भ गमावलेली आणि आता बाळ कडेवर घेऊन आलेली बाई असते. ती पेढे देते आणि म्हणते, "तुमच्या गोळ्यांमुळे झाले." अशा दहा बाया आल्यावर डॉक्टरांचा विश्वास बसतो. आणि ज्या घरात तीनदा पाळणा हलला नाही, तिथे 'काहीही न करता वाट पाहा' असे सांगणे डॉक्टरांनाही जड जाते.

मुलींच्या वाट्याला आलेले

१९६० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. योनिमार्गाचा एक विशिष्ट कर्करोग तरुण वयात जवळजवळ कधीच आढळत नसे. पण थोड्याच वर्षांत १५ ते २२ वयाच्या मुलींत त्याचे काही रुग्ण सापडले. त्यांतल्या एका मुलीच्या आईने डॉक्टरांना विचारले, "मी तिच्या वेळी गर्भ टिकण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्यामुळे तर नसेल?"

तिचा प्रश्न डॉक्टरांनी बाजूला सारला नाही. आर्थर हर्ब्स्ट, हॉवर्ड उल्फेल्डर आणि डेव्हिड पॉस्कॅन्झर यांनी आठ रुग्ण घेतले आणि प्रत्येकीमागे त्याच सुमारास जन्मलेल्या चार निरोगी मुली, अशा बत्तीस जणी तुलनेसाठी निवडल्या. सगळ्यांच्या आयांना तेच प्रश्न विचारले. आठपैकी सात आजारी मुलींच्या आयांनी त्या गरोदरपणात डीईएस घेतले होते. बत्तीस निरोगी मुलींच्या आयांपैकी एकीनेही घेतलेले नव्हते. एप्रिल १९७१ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदरपणात हे औषध देऊ नये असे बजावले. काही देशांत ते त्यानंतरही काही वर्षे दिले जात होते.

अमेरिकेत या औषधाशी संपर्क आलेल्या आया आणि मुले मिळून ५० लाख ते एक कोटी असावीत, असा अंदाज केला जातो. त्यांतल्या मुलींपैकी हजारात साधारण एकीला तो कर्करोग झाला. पण अनेक जणींच्या गर्भाशयाची घडणच बदललेली निघाली. त्या मोठ्या झाल्यावर त्यांच्यात गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे इतरांपेक्षा जास्त झाली. आईचा गर्भपात टळावा म्हणून घेतलेल्या गोळ्यांनी मुलीच्या वाट्याला गर्भपात आले.

प्रत्यक्ष मोजणी

दरम्यान मालपास यांच्या आकड्याची प्रत्यक्षाशी गाठ पडली होती. १९६४ साली कॅनडात मॉन्ट्रियल येथे डॉरोथी वॉरबर्टन आणि क्लार्क फ्रेझर यांनी अनेक कुटुंबांच्या बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. ही किमान एक जिवंत मूल असलेली कुटुंबे होती, हे लक्षात ठेवायला हवे. तिथे एक, दोन किंवा तीन गर्भपातांनंतर पुढचा गर्भ जाण्याची शक्यता पाव ते एक तृतीयांश एवढीच निघाली. आपण गृहीतक बदलून काढलेला २४ टक्क्यांचा आकडा याच्या किती जवळ आहे पाहा!

योगायोग म्हणजे नेमके काय, हेही त्याच सुमारास उलगडू लागले. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे १९५६ मध्ये नक्की झाले. मग गर्भपातातून मिळालेल्या ऊतींची गुणसूत्रे मोजण्याचे काम सुरू झाले. पॅरिसमध्ये जोएल आणि आंद्रे बुए यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या सुमारे दीड हजार गर्भपातांच्या अभ्यासात साठ टक्क्यांहून अधिक गर्भांच्या गुणसूत्रांची संख्या किंवा रचना बिघडलेली होती. बहुतेक वेळा हा बिघाड बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना होतो. आई-वडिलांची स्वतःची गुणसूत्रे सहसा ठीकच असतात. फक्त थोड्या जोडप्यांत एकाच्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्यावर गेलेला सापडतो. आईचे वय वाढते तसा असा बिघाड वाढतो. जड बादली उचलण्याशी किंवा पपई खाण्याशी त्याचा काही संबंध नाही. हे वाक्य आपण शिक्षकांनी मोठ्याने म्हणायला हरकत नाही.

तेव्हा तीन गर्भपात झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सत्तरच्या आसपास जणींना पुढच्या खेपेस मूल होणारच असेल, आणि डॉक्टरांची अपेक्षा २७ ची असेल, तर साखरेची गोळीदेखील मधल्या त्रेचाळीस बाळांचे श्रेय घेऊन जाईल.

मुंबईचा टाका

मग सगळेच उपचार फोल होते का? तसे नाही. एका उपयोगी उपचाराचा उगम आपल्या मुंबईतच आहे.

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातील शिरोडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. काही बायकांचा गर्भ पहिल्या तीन महिन्यांत न जाता चौथ्या ते सहाव्या महिन्यात जातो. फारशा कळा येत नाहीत. गर्भाशयाचे तोंड हळूहळू उघडते आणि वाढलेला, चांगला गर्भ बाहेर पडतो. दोष गर्भात नसून दारात आहे, हे शिरोडकरांनी ओळखले. त्यांनी त्या बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची एक पट्टी काढून ती गर्भाशयाच्या तोंडाभोवती आतून फिरवून बांधण्याची शस्त्रक्रिया बसवली. १९५५ साली भारतातील 'अँटिसेप्टिक' या वैद्यकीय मासिकात त्यांनी ती प्रसिद्ध केली. जगभर ती 'शिरोडकर टाका' म्हणून ओळखली जाते. १९५७ साली ऑस्ट्रेलियातील मॅकडोनल्ड यांनी तिचा एक सोपा प्रकार काढला. शिरोडकर १९७१ साली वारले.

डीईएस आणि हा टाका यांतला फरक पाहण्याजोगा आहे. गोळी 'गर्भपात होतो' एवढ्याच कारणावर सरसकट दिली गेली. शिरोडकरांनी गर्भ कोणत्या महिन्यात जातो, कळा येतात का, तोंडाची स्थिती काय आहे, हे पाहून बायकांतला एक विशिष्ट गट वेगळा काढला आणि त्याच्याच दोषावर उपाय केला.

पण हा टाका आपल्या माणसाचा म्हणून त्याला तुलनेतून सूट देता येणार नाही. १९९३ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा अहवाल आला. टाका घालावा की नाही याची डॉक्टरांनाच खात्री नव्हती, अशा १,२९२ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. तेहतीस आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्यांचे प्रमाण टाका घातलेल्या गटात १३ टक्के, न घातलेल्या गटात १७ टक्के निघाले. फरक होता, पण लहान. मात्र पूर्वी तीन किंवा अधिक वेळा दिवस भरण्याआधीच बाळंतपण किंवा गर्भपात झालेल्या स्त्रियांत तो मोठा होता : १५ टक्के विरुद्ध ३२ टक्के. म्हणजे योग्य बाईला टाका उपयोगी पडतो आणि सरसकट घातला तर बहुतेकींना तो नुसताच टोचतो.

चुकीच्या उत्तरातून सापडलेले कारण

दुसरे खरे कारण सापडले ते एका फसव्या चाचणीतून. उपदंश ओळखण्यासाठी १९०६ साली ऑगस्ट वासरमन यांनी रक्ताची एक चाचणी शोधली. तिच्यासाठी बैलाच्या हृदयाचा अर्क वापरला तरी चालतो, असे लवकरच दिसले. १९४१ साली मेरी पँगबॉर्न यांनी त्या अर्कातला स्निग्ध पदार्थ वेगळा करून त्याला 'कार्डिओलिपिन' हे नाव दिले. गरोदर स्त्रियांची ही चाचणी सर्रास होई. काहींचे उत्तर 'आहे' असे येई, पण त्यांना उपदंश नसे. अशा खोट्या उत्तराने किती संसारांत संशय शिरला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

उपदंश नसताना चाचणी का फसते, याचा शोध घेताना कळले की, काही लोकांचे शरीर अशा स्निग्ध पदार्थांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. गंमत अशी की परीक्षानळीत या प्रतिपिंडांमुळे रक्त उशिरा गोठते, पण शरीरात मात्र गुठळ्या होण्याकडे कल वाढतो आणि वारेच्या वाढीत अडथळा येतो. १९८३ साली लंडनमध्ये ग्रॅहॅम ह्यूज आणि सहकाऱ्यांनी गुठळ्या, वारंवार गर्भपात आणि ही प्रतिपिंडे यांचा धागा जोडला आणि ती मोजण्याची नेमकी चाचणीही तयार केली.

उपचाराची तुलना इथेही झाली. १९९७ साली राय, लेस्ली रेगन आणि सहकाऱ्यांनी अशा ९० स्त्रियांचे दोन गट केले. नुसते ॲस्पिरिन दिलेल्या ४५ पैकी १९ जणींना मूल झाले. ॲस्पिरिनबरोबर हिपॅरिनची इंजेक्शने दिलेल्या ४५ पैकी ३२ जणींना झाले. आजही या दोषावर हाच उपचार प्रमुख मानतात. ही प्रतिपिंडे कधी तात्पुरतीही वाढतात, म्हणून चाचणी किमान बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करायची असते.

पण इथेही मोह सुटत नाही. प्रतिपिंडे नसलेल्या, कारण न सापडलेल्या स्त्रियांनाही 'असू द्या' म्हणून हीच इंजेक्शने दिली जाऊ लागली. हॉलंडमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ३६४ स्त्रियांच्या चाचणीत त्यांचा फायदा दिसला नाही. पोटावर रोज टोचून घेण्याचा त्रास मात्र झाला.

लहान गटाचा चकवा

तुलना केली तरी ती पुरेशा मोठ्या गटावर हवी. आईचे शरीर गर्भाला 'परके' मानून नाकारत असेल, तर तिला आधीच नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचून सवय करावी, अशी एक कल्पना १९८० च्या दशकात पुढे आली. १९८५ साली लंडनच्या एका चाचणीत नवऱ्याच्या पेशी टोचलेल्या २२ पैकी १७ जणींना मूल झाले, स्वतःच्याच पेशी टोचलेल्या २७ पैकी १० जणींना. जगभर हा उपचार पसरला. १९९९ साली कॅरोल ओबर यांच्या गटाने उत्तर अमेरिकेत मोठी चाचणी केली. उपचार मिळालेल्या ८६ पैकी ३१ जणी यशस्वी झाल्या, न मिळालेल्या ८५ पैकी ४१! म्हणजे उपचार न झालेल्यांचे बरे चालले होते. २००२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर हा उपचार करण्यावर बंधन आणले.

फाइलीतली काही पाने

आज अशा जोडप्याच्या तपासणीत साधारणपणे पुढील गोष्टी आधाराने केल्या जातात : वर सांगितलेली प्रतिपिंडे, थायरॉइडचे काम, गर्भाशयाचा आकार आणि गर्भपातातून मिळालेल्या ऊतीची गुणसूत्रे, गरज पडल्यास आई-वडिलांची गुणसूत्रे. आपल्याकडच्या फाइलींत आणखी एक महाग पान हमखास असते, 'टॉर्च' तपासणीचे. नवजात बाळाला आईकडून होणाऱ्या काही संसर्गांसाठी हे नाव १९७१ साली सुचवले गेले. रुबेलासारखा संसर्ग एका गरोदरपणाला धोका पोचवू शकतो. पण एकदा होऊन गेल्यावर प्रतिकारशक्ती येते. त्याने पुन्हा पुन्हा गर्भपात होत नाहीत. ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ सालीच वारंवार गर्भपातासाठी ही तपासणी सोडून द्यावी असे सुचवले आहे.

सगळ्या तपासण्या होऊनही साधारण निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही. 'सगळे अहवाल चांगले आहेत' हे ऐकून त्यांना आनंद होण्याऐवजी निराशा वाटते, कारण दोष सापडला असता तर औषध मिळाले असते असे त्यांना वाटते. त्यांच्यासाठी एक चाचणी मुद्दाम सांगायला हवी. २०१५ साली ब्रिटन आणि हॉलंडमधील ८३६ स्त्रियांच्या चाचणीचा अहवाल आला. या सगळ्या जणींना कारण न सापडता तीन किंवा अधिक गर्भपात झालेले होते. निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. प्रोजेस्टेरॉनच्या गटात ६५.८ टक्के आणि दुसऱ्या गटात ६३.३ टक्के स्त्रियांना मूल झाले. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. (सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्राव होणाऱ्या आणि पूर्वी गर्भपात झालेल्या स्त्रियांना प्रोजेस्टेरॉनचा उपयोग होत असावा, असे २०१९ च्या दुसऱ्या एका चाचणीत दिसले. तेव्हा तो प्रश्न पूर्ण मिटलेला नाही.)

औषधाचा निकाल निराशेचा असला, तरी औषध न मिळालेल्या गटाचा आकडा पाहा. तीनतीन गर्भपात होऊन गेलेल्या शंभरांपैकी ६३ जणींना मूल झाले. मालपास यांच्या हिशेबाने ते २७ जणींना व्हायला हवे होते. हा आकडा प्रत्येक बाईला सारखा लागू नाही. वयाप्रमाणे तो बराच बदलतो. पण निम्म्याहून अधिक, हे उत्तर त्या फाइलीच्या पहिल्या पानावर असायला हवे.

वर्गात काय करता येईल?

हा विषय आठवी-नववीच्या वर्गात जसाच्या तसा घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यातली युक्ती सर्दीच्या काढ्यावर सहज दाखवता येते. प्रत्येक मुलाला 'सर्दी झालेला रोगी' करा. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना 'काढा' द्या, निम्म्यांना देऊ नका. मग प्रत्येकाने फासा टाकायचा. १ ते ४ पडले तर आठवड्यात सर्दी बरी, ५ किंवा ६ पडले तर नाही. आधी फक्त काढेवाल्यांना उभे करा आणि बरे झालेले मोजा. वीसपैकी तेरा-चौदा जण बरे झाले, तर काढ्याची जाहिरात लिहायला मुले उत्सुकच असतील. मग दुसऱ्या गटाला उभे करा. एखाद्या तुकडीत काढा जिंकेल, एखाद्या तुकडीत हरेल. सगळ्या तुकड्यांचे आकडे एकत्र केले की दोन्ही गट जवळ येतील. काढ्याचा फाशावर काहीच परिणाम नव्हता, हे मुलांना आधीपासून माहीत असते. तरीही एका तुकडीचे आकडे पाहून ती फसतात, हे त्यांना स्वतःलाच दिसते.

आणि शिक्षक-खोलीतली ती सहकारी चार दिवसांच्या रजेनंतर परत येईल, तेव्हा 'काय खाल्ले होतेस' हा प्रश्न तिला विचारू नये. त्याचे उत्तर गुणसूत्रे मोजणाऱ्यांनी देऊन पन्नास वर्षे होऊन गेली आहेत.